"तुझं तारण झालंय का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं

ताई,
मी 27 वर्षांची, वसईची, कॅथलिक. नगरच्या एका मुलाशी माझं लग्न ठरतंय. त्याच्या घरचे प्रॉटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे. त्याची आत्या पुण्याला असते, एका स्वतंत्र प्रार्थना-मंडळीत जाते आणि घरात तिचा शब्द चालतो. पहिल्याच भेटीत पोह्यांची बशी माझ्या हातात देत तिने विचारलं, "तुझं तारण झालंय का?" तारण म्हणजे पापातून सुटका, उद्धार. मी म्हटलं, "आशा आहे." ती म्हणाली, "म्हणजे नाही झालेलं."
तेव्हापासून सगळं बिनसलंय. मुलगा म्हणतो, येशूने आपल्या पापांची शिक्षा भोगली, देवाचा क्रोध शमला, हे मनापासून मानलं की तारण झालं; तुम्ही लोक मिस्सा (चर्चमधला अर्पणविधी) आणि पुण्यकर्मं करून ते कमवायला बघता. आत्याला वाटतं, मी लग्नाआधी पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, लहानपणचा मोजायचा नाही. तो म्हणतो, "घे ना, काय बिघडतं?" माझ्या आजीच्या वर्षाच्या मिस्साला मात्र तो येणार नाही म्हणतो. आमचे फादर प्रवचनात सांगतात, क्रूस म्हणजे देवाचं प्रेम. मग तिथे नेमकं काय झालं, क्रोध की प्रेम? बाबा म्हणतात, मोडून टाक. कोण बरोबर आहे?
– गोंधळलेली, वसई

प्रिय गोंधळलेली,

"आशा आहे" हे उत्तर तुला घाईत सुचलं असेल, पण कॅथलिक मुलीला याहून नेमकं उत्तर देता आलं नसतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल तारण आणि आशा एकाच वाक्यात बसवतो: आपण तारलेले आहोत ते आशेने, आणि जे डोळ्यांसमोर दिसतंय त्याची कुणी आशा करत नाही. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की आपलं तारण होईल. करिंथकरांना लिहिताना म्हणतो की ते होत आहे. इफिसकरांस पत्रात ते झालं आहे. आत्याबाईंनी या तिन्हींतलं शेवटचं उचललं आणि तुझ्यासमोर ठेवलं. ते पवित्र शास्त्रातलंच आहे, त्यांच्या पदरचं नाही. पण बाकीची दोन्हीही तिथलीच आहेत.

तुझ्यासारखाच प्रश्न जोन ऑफ आर्कला तिच्यावरच्या पाखंडाच्या खटल्यात विचारला गेला होता. साल 1431, गाव फ्रान्समधलं रूआँ, समोर विद्वान धर्मपंडितांची रांग आणि मधे जेमतेम एकोणीस वर्षांची, लिहिता-वाचता न येणारी शेतकऱ्याची पोर. "तू देवाच्या कृपेत आहेस का?" हो म्हणावं तर पाखंड, कारण एवढी खात्री माणसाने बाळगायची नसते. नाही म्हणावं तर आपणच पापी असल्याची कबुली. ती म्हणाली, नसेन तर देवाने मला तिथे न्यावं. असेन तर तिथेच ठेवावं. विचारणारे अवाक झाले, असं त्या खटल्याच्या लेखनिकाने पुढे साक्षीत सांगितलं. (तरी तिला जाळलंच. धर्मपंडित अवाक झाले म्हणून शहाणे होतातच असं नाही.) आज कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणात तिचं हे उत्तर नमुना म्हणून दिलेलं आहे. 1547 साली कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेनेही जवळपास हीच रेघ आखली: देवाच्या दयेबद्दल शंका धरू नये, पण मी कृपेत आहेच, यात चूक होणं शक्यच नाही, असंही कुणी मिरवू नये.

आता आत्याबाईंची बाजू, कारण ती तुला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. पोह्यांच्या बशीबरोबर विचारलेला हा प्रश्न आगाऊ वाटतो खरा. पण त्या ज्या परंपरेत वाढल्या तिथे तो आपुलकीने विचारतात, जसं आपल्याकडे कुणी "जेवलीस का?" विचारावं तसा. त्या परंपरेच्या मुळाशी एक फार घाबरलेला माणूस आहे. मार्टिन ल्यूथर जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात संन्यासी असताना तासन्‌तास पापकबुली देत बसे, उठून जाई आणि राहिलेलं काहीतरी आठवलं म्हणून परत येई. आपण केलेलं कधीच पुरेसं होणार नाही, या भीतीने त्याला पोखरलं होतं. देव आपल्याला नीतिमान ठरवतो ते आपल्या कमाईवर नाही, ख्रिस्ताने केलेल्या कामावर आणि आपण त्याच्यावर टाकलेल्या विश्वासावर, हे त्याला रोमकरांस पत्रावर मनन करताना उमगलं आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणून प्रॉटेस्टंट माणसाला खात्री इतकी प्यारी. "आशा आहे" हे शब्द कानावर पडले की त्याला त्यात नम्रता ऐकू येत नाही, एर्फुर्टची ती जुनी भीती ऐकू येते. आत्याबाईंना तेच ऐकू आलं असणार.

आणि हे काही परदेशातलंच नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीने. पुढे 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो आठ वर्षांनी. हे लिहिणारी बाई भोळी नव्हती. वाँटेजच्या सिस्टरांशी तिने पत्रांतून त्रैक्यापासून (बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बिशपांच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर वाद घातला होता आणि मला माझी स्वतःची सदसद्‌विवेकबुद्धी आहे, असं ठणकावलं होतं. तेव्हा आत्याबाईंच्या प्रश्नामागे जो अनुभव आहे, तो खोटा समजू नकोस. त्या अनुभवाला तारीख असलीच पाहिजे आणि ती दुसऱ्याला सांगता आलीच पाहिजे, हा आग्रह मात्र मला पटत नाही. कित्येकांना तो दिवस आठवतो. कित्येकांच्या बाबतीत पहाट कधी झाली ते कळतच नाही, उजेड असतो एवढं कळतं.

मुलाच्या एका वाक्याची मात्र मी गय करणार नाही. तुम्ही तारण कमवायला बघता, हे तो ऐकीव बोलतोय. ज्या ट्रेंटच्या परिषदेने ल्यूथरच्या शिकवणीविरुद्ध दंड थोपटले, तिच्या नीतिमत्त्वाविषयीच्या निर्णयातलं पहिलंच कलम सांगतं की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय, निव्वळ आपल्या कर्मांच्या बळावर माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो शापित असो. पहिलं कलम! त्याला ते वाचायला दे. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन महासंघ आणि रोमचं कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात दोघांनी मिळून म्हटलंय की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या, आणि त्याच्या आदल्या वर्षी अँग्लिकन परिषदेनेही त्याचं स्वागत केलं. सगळं मिटलं असं नाही. प्रॉटेस्टंटांचा भर देव माणसाला निर्दोष ठरवतो यावर. कॅथलिक म्हणतात, ठरवतो आणि आतून तसा घडवतोही, आणि त्या घडण्यात माणसाचा होकार लागतो. हा फरक खराच आहे आणि काही ल्यूथरन विद्वानांनी त्या जाहीरनाम्याला कडाडून विरोधही केला. पण कमाई आणि कृपा अशी आपली-तुपली वाटणी करून मोकळं होण्याचे दिवस गेले.

आता तुझा खरा प्रश्न: क्रुसावर काय झालं?

यातली गंमत बऱ्याच ख्रिस्ती लोकांनाही ठाऊक नसते. नायसियाच्या 325 च्या परिषदेपासून पुढे चर्चने येशू कोण आहे यावर जिवापाड वाद घातला, परिषदा भरवल्या, एकमेकांना हाकललं, आणि शेवटी एकेक शब्द घासूनपुसून ठरवला. पण त्याच्या मरणाने आपला उद्धार नेमका कसा होतो, याची व्याख्या त्या जुन्या सार्वत्रिक परिषदांपैकी एकीनेही केली नाही. दर रविवारी तू जो विश्वासांगीकार म्हणतेस त्यात "आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी" एवढंच आहे. साठी म्हटलंय, कसं, ते म्हटलेलं नाही. त्या मोकळ्या जागेत दोन हजार वर्षं लोक उत्तरं भरत आलेत.

सुरुवातीच्या शतकांतलं उत्तर असं की माणूस मरणाच्या आणि सैतानाच्या कैदेत होता, ख्रिस्ताने स्वतःचा जीव खंडणी म्हणून दिला आणि त्याला सोडवलं. येशूच्याच तोंडी खंडणीचा शब्द आहे, मार्कच्या दहाव्या अध्यायात. पण खंडणी दिली तर ती घेतली कुणी? चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने सांगितलं, सैतानाने. तो येशूच्या माणूसपणाच्या आमिषाला भुलला आणि आत दडलेल्या देवपणाच्या गळात अडकला. गोष्ट झकास आहे. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, मात्र भडकला. चोराला खंडणी द्यायची, आणि तीही साक्षात देवाच्या रूपाने? शी! मग बापाला, म्हणजे देवाला, दिली म्हणावं, तर आपण बापाच्या कैदेत कधी होतो? आणि ज्या बापाने अब्राहामाकडून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही, त्याला स्वतःच्या मुलाचं रक्त कशाला हवं असेल? सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने उघडपणे विचारलेला हा प्रश्न आज कुणी विचारला की त्याला नास्तिक म्हणतात.

पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हा हिशेब फार ताणला नाही. त्यांचा भर विजयावर राहिला: ख्रिस्त मेला, मरणाच्या घरात शिरला आणि ते आतून फोडलं. इस्तंबूलमध्ये कोरा नावाचं जुनं चर्च आहे, आता तिथे मशीद आहे. तिथल्या एका कमानीखाली 1320 च्या आसपासचं भिंतीवरचं चित्र आहे, त्याचा फोटो तू नेटवर शोध. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त पाय फाकून उभा आहे, धावत आल्यासारखा. एका हाताने आदामला आणि दुसऱ्याने हव्वेला त्यांच्या कबरींतून वर ओढतोय. नीट बघ: त्याने त्यांचे हात हातात घेतलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. म्हणजे धरण्याचं सगळं काम त्याच्याकडे, त्यांनी धरलं नाही तरी ते सुटणार नाहीत. पायाखाली नरकाची दारं उखडून पडलीत, आजूबाजूला कुलपं, किल्ल्या, खिळे विखुरलेत, आणि त्या सगळ्या भंगारात एक काळी आकृती हातपाय बांधून पडली आहे. या चित्रात क्रोधाला जागाच नाही. रागावलेला बाप नाही, चुकता करायचा दंड नाही. कैदी आहेत आणि सोडवणारा आहे.

मुलगा जे सांगतोय ते पश्चिमेकडे घडलं, आणि टप्प्याटप्प्याने घडलं. 1098 च्या सुमाराला कँटरबरीच्या आन्सेल्मने नवी मांडणी केली. त्याच्या काळी समाज सरदार आणि त्यांच्या कुळांचा. मालकाचा मान मोडला की भरपाई द्यावी लागे, आणि भरपाई मालकाच्या तोलामोलाची हवी. पापाने देवाचा मान हिरावला. भरपाई देणं माणसाचं कर्तव्य, पण तेवढी ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देव आणि माणूस दोन्ही आहे त्यानेच ती द्यायची. लक्षात घे, आन्सेल्मच्या मते भरपाई झाली की शिक्षेची गरजच उरत नाही, दोहोंपैकी एकच. चारशे वर्षांनी प्रॉटेस्टंट धर्मपंडित कॅल्व्हिन आला. तो कायदा शिकलेला. त्याने सरदाराचा वाडा सोडून कोर्टात खटला उभा केला: शिक्षा टळली नाही, ती आपल्या जागी ख्रिस्ताने भोगली. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने जे सांगितलं ते हेच. ते सुवार्तेचं सार म्हणून शिकवलं जातं, म्हणून त्याला वाटतं की पेत्रापासून सगळे असंच बोलत आले.

या दोघांच्या मधल्या काळात पॅरिसचा धर्मपंडित आबेलार्ड. त्याने विचारलं की निरपराध माणसाचं रक्त किंमत म्हणून मागणं हे क्रूरपणाचं नाही का? त्याच्या मते क्रुसावर देवाने आपलं प्रेम शेवटच्या टोकापर्यंत दाखवलं, आणि ते पाहून माणसाचं गोठलेलं मन वितळतं. उद्धार तिथे सुरू होतो. क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याने त्याच्यामागे हात धुऊन लागून साँसच्या परिषदेत त्याचा निषेध करवला. तुमच्या फादरांचं प्रवचन आबेलार्डच्या अंगाने जातंय. त्यांना सांगू नकोस, नाहीतर विनाकारण दचकतील.

माझं मत विचारशील तर, रागाने लाल झालेला बाप आणि त्याला शांत करायला मधे पडणारा मुलगा हे चित्र मला बायबलशी अन्यायाचं वाटतं. जगावर प्रीती केली म्हणून बापाने पुत्र दिला, हे योहान सांगतो. पुत्र दिल्यावर त्याला प्रीती वाटू लागली, असं तो म्हणत नाही. पण हे कॅल्व्हिनलाही माहीत होतं. प्राचीन धर्माचार्य ऑगस्टिनचा हवाला देऊन तो लिहितो की देवाने आपल्यावर प्रेम केलं ते समेट होण्याच्या आधीपासून. प्रार्थना-सभांमधून त्याच्या मांडणीची जी स्वस्त आवृत्ती फिरते तिचं खापर त्याच्या डोक्यावर फोडू नये. आणि शिक्षेची भाषा टाकूनही देता येत नाही. गुड फ्रायडेला तुमच्याच चर्चमध्ये पहिलं वाचन यशया संदेष्ट्याचं असतं: आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला, आमच्या शांतीसाठी शिक्षा त्याच्यावर आली. दुसऱ्या दिवशी रात्री ईस्टरच्या जागरणात मोठ्या मेणबत्तीसमोर जे लांबलचक स्तोत्र गातात, ते या वेळी कान देऊन ऐक. एका ओळीत ख्रिस्ताने बापाकडे आदामाचं ऋण फेडलं. थोडं पुढे गेलं की त्याने मरणाच्या बेड्या तोडल्या आणि पाताळातून विजयी होऊन वर आला. आन्सेल्म आणि कोराचा तो चित्रकार, दोघं एका दमात. गाणाऱ्याला कधी अडचण वाटलेली नाही.

म्हणून क्रोध की प्रेम असा कौल मी देणार नाही. जिथे चर्चने कौल दिला नाही तिथे तुम्हा दोघांना लग्नाआधी तो लावायची घाई कशाला? भांडायचंच असेल तर एका गोष्टीवरून भांडा, जी तुमच्या दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही. बायबलमधली उद्धाराची पहिली मोठी गोष्ट मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून एका लोकसमूहाला बाहेर काढण्याची आहे, वीटभट्टीवरच्या वेठबिगारीतून. पेरू देशातल्या गुस्ताव्हो गुतिएरेझ या कॅथलिक फादरने 1971 साली आपल्या पुस्तकात हेच लावून धरलं, की पापातून मुक्ती आणि अन्यायातून मुक्ती यांची फारकत करता येत नाही. नगर जिल्ह्याला हे पेरूकडून शिकायची गरज नव्हती. 1831 पासून तिथे अमेरिकन मराठी मिशन होतं, आणि गावकुसाबाहेरच्या कित्येक घरांना तारण हा शब्द शाळा, दवाखाना आणि ताठ मान यांच्यासकट मिळाला. मिशनच्या साहेबांना ते तितकंसं अभिप्रेत होतं की नव्हतं हा वेगळा वाद. सासरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार, आपल्याकडे ख्रिस्ती कोण झालं, कसं झालं, त्या वेळी काय काय बदललं. आत्याबाईंच्या प्रश्नापेक्षा मोठं उत्तर कदाचित त्यांच्याच घरात सापडेल.

बाप्तिस्म्याचं मात्र स्पष्ट सांगते: घेऊ नकोस. "काय बिघडतं?" याचं उत्तर असं की तुझ्या चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, आणि दुसरा घेणं म्हणजे पहिला झालाच नव्हता असं चारचौघांत जाहीर करणं. आईबाबांनी तुला कडेवर घेऊन जे केलं ते शून्य होतं, असं तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं, तेही सासरची मर्जी राखायला! तुला आतून पटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. प्रौढपणीच, समजूनउमजून बाप्तिस्मा घ्यावा म्हणणाऱ्यांनी आपल्या मतासाठी जीव दिलाय. फेलिक्स मान्झला 1527 साली झ्युरिकमध्ये नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट होते. ज्या मतासाठी लोकांनी एवढी किंमत मोजली ते कुणाला बरं वाटावं म्हणून उचलायचं नसतं. त्या मताचाच तो अपमान आहे.

आणखी एक. आत्याबाईंची मागणी ही सीएनआयची मागणी नाही, हे मुलाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं, तेव्हा त्यात अँग्लिकन होते आणि बॅप्टिस्टही होते, म्हणजे बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि अजिबात न देणारे. एका छपराखाली राहायचं म्हणून दोन्ही पद्धती मान्य करायच्या असं तिथे ठरलं. मुलगा स्वतः बहुतेक पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा झालेला असणार. त्याला एवढंच विचार, की माझा मोजायचा नाही तर तुझा? आणि मग दोघं मिळून त्यांच्या पाळकांकडे जा. हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यांदा येत नसेल.

आजीच्या मिस्साबाबत मी तुला गोड बोलून फसवणार नाही. इथे मतभेद खरा आणि खोल आहे. 1517 मध्ये सगळा भडका उडाला तोच मेलेल्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या क्षमापत्रांवरून. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार असलेलं मक्काबींचं दुसरं पुस्तक मुलाच्या बायबलात नाही. ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि कायमचं झालं असं इब्रींस पत्र सांगतं, मग मिस्सा कशाला, असं तो म्हणेल. तू म्हणशील, मिस्सा हे दुसरं अर्पण नाही, तेच आहे. तो म्हणेल, आजी आता देवाच्या हाती आहे, आपण काय भर घालणार? तू म्हणशील, प्रेम मरणाशी थांबत नाही तर प्रार्थना का थांबावी? यात कुणी कुणाला हरवत नाही. ऑर्थोडॉक्स लोक तर शुद्धिस्थान (मरणानंतर आत्म्यांची शुद्धी होते ती अवस्था) मानत नाहीत आणि मृतांसाठी प्रार्थना मनापासून करतात. त्याला सांग, तू म्हणू नकोस, गुडघे टेकू नकोस, कम्युनियनच्या रांगेत तर यायचंच नाहीये. फक्त माझ्या शेजारी बस, कारण ती माझी आजी होती. एवढंही त्याला जड जात असेल तर तो प्रश्न धर्मशास्त्राचा राहिला नाही, आणि बाबांच्या म्हणण्याकडे तुला जरा वेगळ्या कारणासाठी लक्ष द्यावं लागेल.

बाबांना जुना काळ आठवत असणार, जेव्हा अशा लग्नात समोरच्याकडून मुलं कॅथलिक वाढवण्याचं वचन घेत. 1970 पासून ते बदललं. आता बिशपांची परवानगी लागते. तू आपला विश्वास सोडणार नाहीस आणि मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून होईल तेवढं सगळं करशील, असं वचन फक्त तुझ्याकडून घेतात. त्याला कशावर सही करावी लागत नाही, पण तुझं वचन त्याला सांगितलेलं असलं पाहिजे. ते त्याने फादरांच्या ऑफिसात पहिल्यांदा ऐकू नये, तू आधीच सांग. मुलांचं बोलणं लग्नानंतर बघू म्हणून ढकललंत तर पहिल्या बाळाच्या बारशाला दोन्ही घरं समोरासमोर उभी राहतील, आणि तेव्हा मधे पडायला मी नसेन. परवानगीचा अर्ज वेळेत द्या, चर्चचा लग्नापूर्वीचा कोर्स दोघांनी मिळून करा.

दोन्हीकडच्यांचं समाधान म्हणून सकाळी वसईत आणि संध्याकाळी नगरला असं दोनदा लग्न लावायची टूम कुणीतरी काढेलच. ते चालत नाही. लग्नाची वचनं एकदाच दिली-घेतली जातात, कुठल्या तरी एका चर्चमध्ये. नगरला व्हावं असं ठरलं तर तशी सूट बिशपांकडून आधी घ्यावी लागते. वसईत झालं तर त्यांच्या पाळकांना वाचनासाठी आणि आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी बोलवा. आणि वाचन कुठलं, ते आत्याबाईंना निवडू दे.

– ताई